उपाशी यीस्टचं गाऱ्हाणं

मी यीस्ट बोलतोय. पाव फुगवतो तो माझा चुलतभाऊ. त्याला शेवटी भट्टीत घालतात. मला द्राक्षाच्या रसात सोडतात आणि मी साखर खाऊन त्याची वाइन करतो. राबायचं आम्ही आणि बाटलीवर नाव मालकाचं, ही जगाची रीतच आहे.

द्राक्षबाग राखून तळघरात वाइन करणारं हे घर. इथल्या सूनबाईने मला पाकिटातून काढून कोमट पाण्यात सोडलं, तेव्हा मी वाळून भुगा झालो होतो. ही तिची पहिली स्वतंत्र टाकी. सासऱ्यांनी बजावलं होतं, "ही बिघडली तर व्हिनेगरवाल्याला जाईल, आणि पुढे टाक्यांना मीच हात लावीन."

रसात पडलो आणि काय सांगू, साखरच साखर! आमच्यात लग्न नाही, मुहूर्त नाही. पाठीवर फुगवटा येतो, तो सुटा झाला की लेक. पण नुसत्या साखरेवर लेकरं वाढत नाहीत. अंग धरायला नायट्रोजन लागतो, आणि तो या रसात नावालाच होता.

कारण सासरेबुवांचं तत्त्वज्ञान. "वेल उपाशी ठेवावी, मग द्राक्षं गोड येतात." त्यांनी वेलींना खत दिलं नाही. वर ओळींमध्ये शोभेचं गवत वाढवलं. होतं नव्हतं ते गवताने खाल्लं. स्वतः मात्र दोन वेळा वाढून घेत.

उपाशी पोटी माझं काम मंदावलं. नायट्रोजन नसला की माझ्या अंगातलं गंधक कामी लागत नाही, ते वास होऊन बाहेर पडतं. सडक्या अंड्यांचा वास. मला लाज नाही वाटली. उपाशी माणसं याहून वाईट वागतात.

सासऱ्यांनी सरळ मुलाचा डबा उघडला. त्यात उकडलेली अंडी होती. झालं!

"तळघरात अंडी आणतोस?"

"बाबा, ताजी आहेत."

"मग गटार तुंबलंय. धू सगळं."

बिचाऱ्याने गटार धुतलं, फरशी धुतली, डबाही बाहेर ठेवला. वास तिथेच. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

सूनबाईने टाकीच्या नळातून पेलाभर रस काढून हुंगला. "बाबा, वास यातून येतोय. यंदा वेलींची पानं लवकर पिवळी पडली होती आणि गवत हिरवंगार. यीस्ट उपाशी आहे. नायट्रोजनची पुडी घालून त्याला खाऊ घालायला हवं."

"माझ्या रसात पुडी पडणार नाही. द्राक्षात सगळं असतं."

"अजून निम्मी साखर शिल्लक आहे, तोवरच. अल्कोहोल वाढलं की ते घास घेणार नाही."

खरं होतं ते. मी केलेल्या अल्कोहोलनेच माझं तोंड मिटत चाललं होतं. टाकीत अडकलेली साखर घेऊन व्हिनेगरवाल्याकडे जायचं, या विचाराने मला खरोखर भीती वाटली.

तिने पेला सासऱ्यांपुढे धरला. या माणसाची एक खोड होती: चव बघणारे घोट थुंकतात, पण आपल्या घरची वाइन यांनी कधी थुंकायची नाही. त्यांनी घोट घेतला. डोळ्यांत पाणी आलं, पण थुंकले नाहीत. मोठ्या कष्टाने गिळून ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

"घाल. मला पुडी दाखवू नकोस."

मग आम्ही जेवलो! टाकी पुन्हा बुडबुडायला लागली. तिने रस उपसून वरून सोडला, त्याला हवा लागली, वास उडाला. साखरेचा कण उरला नाही. सासरे पेला संपवून म्हणाले, "बरी आहे." त्यांच्या तोंडून हा जाहीर सत्कारच. पुढच्या टाकीची तयारी तिने त्यांना न विचारता सुरू केली.

आता मी टाकीच्या तळाशी गाळ होऊन पडलोय. आपणच केलेल्या दारूत बुडालो, तक्रार नाही. एकच मागणं आहे, पुढच्या खेपेला माझ्या भावंडांना वेळेवर वाढा. बोंब होईपर्यंत थांबू नका.

आज सासरे एकटेच बादली घेऊन आले. मला गटारात ओततील असं वाटलं होतं. त्यांनी मला बागेत नेलं, पिवळ्या पानांच्या वेलीच्या बुंध्याशी हळूच ओतलं आणि इकडेतिकडे बघून वेलीला म्हणाले, "खा. पण सूनबाईला सांगू नकोस."