तीसच्या खालचं बोअर

हाल्वर ब्रेक्केच्या बंदुकीची नळी मी बदलली, ही गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. माझ्यासारख्याने अशी गोष्ट पोटात ठेवणं म्हणजे काय, ते आमच्या उत्तर विस्कॉन्सिनात कुणालाही विचारा. लोक म्हणतील, कोण, एल्मर? तो तर स्वतःच्या बायकोला दिवस गेल्याचं तिच्याआधी गावाला सांगून आला होता! पण आता हाल्वर थडग्यात आहे आणि वर सहा फूट माती आहे. तेवढ्यातून त्याची मूठ माझ्यापर्यंत पोचत नाही. सांगायला हरकत नाही.

ऑक्टोबरात तो माझ्या दुकानात आला. बंदुका दुरुस्त करणारा पन्नास मैलांत मी एकटाच. आला तोही मागच्या दाराने, ज्या दारातून मी फक्त राख बाहेर टाकतो.

"एल्मर, दार लाव."

"लावलं."

"कडी घाल."

कडी घातली. त्याने बंदूक टेबलावर ठेवली ती डाव्या हाताने. उजव्या खांद्यात वसंतात डॉक्टरांनी पोलादी गोळा बसवला होता. चौऱ्याहत्तर वर्षं वय. डॉक्टरांनी बजावलं होतं, बंदुकीचा धक्का या खांद्याला बसला तर पुढचं जेवण बायकोच्या हातून.

"हरणासाठी बोअर सुचव. धक्का कमी असलेलं."

"दोनशे त्रेचाळीस," मी म्हणालो. बोअर म्हणजे नळीच्या भोकाचं माप. "हरीण मरतं, खांदा जगतो."

मी त्याला बायकोचा झगा घालून चर्चला जायला सांगितलं असतं, तरी त्याचा चेहरा इतका पडला नसता.

"ते जावयाचं बोअर आहे."

"जावयाची हरणं मरतात की."

"मरोत. मोजत कुणी नाही."

हे मात्र खरं होतं. आमच्या शिकारीच्या कॅम्पात, म्हणजे जंगलातल्या त्या आठ खाटांच्या लाकडी खोपटात, एक तुळई होती. ज्याने नर हरीण मारलं, त्याच्या नावाखाली तुळईवर एक खाच. हाल्वरचा बाप तोर्गर याच्या चौतीस खाचा होत्या. हाल्वरच्याही चौतीस. म्हातारा तोर्गर मरताना पाद्रीबुवांना बाजूला सारून पोराला म्हणाला होता, "तू मला गाठशील, पण ओलांडायचा नाहीस." त्याला बावीस वर्षं झाली होती. गेली चार वर्षं हाल्वर चौतिसावरच अडकला होता आणि बापाचे शब्द त्याच्या घशात हाडासारखे रुतून बसले होते.

आणि नियम हाल्वरनेच केलेला. नळीचं भोक इंचाच्या शंभरातल्या तीस भागांहून लहान असेल, तर ती बंदूक नाही, उंदीर मारायचं औषध आहे. तीसच्या खालचं बोअर आणणाऱ्याला खाट नाही, खाच नाही. त्याने चुलीपाशी लाकडाच्या पेटीशेजारी निजायचं, भांडी घासायची आणि सगळ्यांची हरणं सोलायची. हा नियम त्याने केला तो ज्या साली लेलँड झॅस्ट्रो त्याच्या मुलीशी, मार्डेलशी, लग्न करून दोनशे त्रेचाळीस घेऊन कॅम्पात आला, त्या साली. दोनशे त्रेचाळीस म्हणजे शंभरातले चोवीस भाग. सहा भागांसाठी तो माणूस अठरा वर्षं जमिनीवर निजला. त्या अठरा वर्षांत त्याने अकरा नर मारले. तुळईवर त्याचं नावसुद्धा नव्हतं.

हाल्वरची स्वतःची तीस-सहा, म्हणजे पुरे तीस भाग. तिचा बार उडाला की तीन मैलांवरच्या गाईंच्या कासेत दुधाचं लोणी होई. ज्या हरणाला गोळी लागली नाही ते आवाजाने जात असे, बाकीची लाजेने.

"एक मार्ग आहे," मी म्हणालो. "दस्ता हाच, चाप हाच, ओरखडे हेच. फक्त नळी बदलू. बाहेरून जाडी तीच ठेवतो, आतलं भोक लहान. नळीवर आकडा कोरत नाही. बर्फ जाऊ नये म्हणून तोंडाला चिकटपट्टी लावतोसच. ती काढू नकोस. गोळी तिच्यातून जाते, मग लगेच नवी लाव."

तो म्हणाला, "कुणाला बोललास तर गोळी घालीन."

"कुठल्या बोअरची?" मी विचारलं.

तो हसला नाही.

नोव्हेंबरात हंगाम उघडला. कॅम्पात आम्ही आठ जण. हाल्वर त्या वर्षी इतका फॉर्मात होता की मला त्याची दया यावी. पण दया माझ्या अंगी फारशी नाही, म्हणून मजा आली. लेलँड चुलीपाशी अंथरूण पसरत होता, तेवढ्यात हाल्वरने त्याच्या काडतुसांच्या पेटीतून एक काडतूस चिमटीत उचललं.

"गॉर्डी, हे बघ रे. माझ्या सुईचं नेढं हरवलं होतं, ते सापडलं."

गॉर्डी आमचा आचारी. खाटेवर पडल्या पडल्या म्हणाला, "दात कोरायला ठेव, हाल्वर."

"जावई, खरं सांग, हरणाला ही लागते तेव्हा ते मरतं की शिंकतं?"

"मरतं, बाबा," लेलँड म्हणाला. तो नेहमी असंच बोलायचा. मऊ, खालच्या आवाजात, "बाबा" म्हणून. अठरा वर्षांत त्याने एकदाही उलट उत्तर दिलं नव्हतं. मी अशा माणसांना भितो.

"मरत असेल बिचारं, हसून हसून," हाल्वर म्हणाला आणि काडतूस चुलीच्या राखेत टाकून दिलं. लेलँडने ते उचललं, पुसलं, पेटीत ठेवलं.

सोमवारी सकाळी दोन बार झाले. पहिला दक्षिणेकडून, हाल्वरच्या मचाणावरून. दुसरा त्यानंतर पाचेक मिनिटांनी, उत्तरेकडून, लेलँडचा. मी मधल्या टेकाडावर होतो. दोन्ही आवाज सख्ख्या भावांसारखे होते. मी मफलर तोंडावर ओढून हसलो.

लेलँड हात हलवत आला. त्याचा नेम चुकला होता. गोळी बर्चच्या खोडात गेली होती, साल उडालेली त्याने स्वतःच दाखवली. नेम चुकला की आमच्याकडे शर्टाचं शेपूट कापतात आणि नाव-तारीख लिहून भिंतीवर ठोकतात. हे शेपूट हाल्वरच कापायचा. त्या दिवशी त्याने कात्री इतकी वर चालवली की लेलँडची पाठ उघडी पडली. तसंच त्याला बर्फातून हरीण ओढायला पाठवलं.

हरीण मात्र असं, की मी खोटं बोलायचं म्हटलं तरी त्यात भर घालता येणार नाही. शिंगांना बारा फाटे असलेला नर, मान बॅरलएवढी. ऐंशी पावलांवरून एकच गोळी. हाल्वर त्याच्या शिंगांवर हात ठेवून उभा होता आणि त्याचे ओठ हलत होते. बापाशी बोलत असावा.

"आज आवाज बारीक आला रे तुझा," गॉर्डी म्हणाला.

"थंडी आहे. बर्फ आवाज पितो."

"पितो खरा. ब्रँडीसुद्धा इतकी पीत नाही कुणी."

हरीण खोपटासमोरच्या आडव्या दांड्याला टांगलं. आता हाल्वरचा एक नियम उरला होता, तोही लेलँडसाठीच केलेला: खाच पाडण्याआधी हरीण सोलून गोळीचं भोक दाखवायचं. तीस-सहाची गोळी आरपार जाते, पलीकडे बोट जाईल असं भोक पाडते. या हरणाला पलीकडे भोक नव्हतं.

"आज मी सोलतो," हाल्वर म्हणाला.

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. अठरा वर्षांत त्याने सुरी हातात धरली नव्हती.

"का रे बाबा? जावई मेला का?" गॉर्डीने विचारलं.

हाल्वरने सुरी घेतली, कातडं धरलं आणि खाली ओढायला उजवा हात वर नेला. हात छातीपर्यंत गेला आणि तिथेच राहिला. त्याने पुन्हा नेला. कपाळावर घाम आला, तोही शून्याच्या खाली पंधरा अंशांत. लेलँड पुढे झाला, त्याच्या हातातली सुरी हळूच काढून घेतली.

"तुम्ही बसा, बाबा. हे माझं काम आहे."

कातडं उतरत गेलं. पलीकडच्या खांद्याच्या मागे, कातड्याच्या आतल्या बाजूला, निळसर गाठ होती. लेलँडने सुरीच्या टोकाने ती चिरली. गोळी तळहातावर पडली. पुढून फुललेली, छत्रीसारखी, पण बुडाशी जशीच्या तशी. त्याने ती बर्फाने चोळून धुतली. मग खिशातून सकाळी झाडलेल्या गोळीची आपली रिकामी पुंगळी काढली आणि गोळीचं बूड तिच्या तोंडात घातलं.

बसलं. टोपण बसावं तसं.

गॉर्डी ओरडला, "अरे, ही तर लेलँडची गोळी! हे हरीण लेलँडने मारलं!"

कॅम्पात दोनशे त्रेचाळीस एकच होती, असं सहा जणांना ठाऊक होतं. दुसरीही आहे हे हाल्वरला आणि मला. मी बुटांची नाडी सोडून पुन्हा बांधली.

"नाही," लेलँड म्हणाला. "मी उत्तरेकडे झाडली. माझी गोळी बर्चमध्ये आहे." तो हाल्वरकडे वळला. हाल्वरची बंदूक भिंतीला टेकलेली होती, तोंडावर काळी चिकटपट्टी. लेलँड तिच्याजवळ गेला. मला वाटलं, आता पट्टी ओढतो. त्याने पट्टीचं सुटलेलं टोक अंगठ्याने नीट दाबून बसवलं. बस, तेवढंच. मग म्हणाला, "बाबा, तुम्हीच सांगा. ही गोळी कुणाची?"

"हे बघ हाल्वर," गॉर्डी म्हणाला, त्याच्या डोक्यात काय शिरलं देव जाणे, "नियम तुझा आहे. तू म्हणालास लहान बोअर चालेल, तर चालेल. ज्याची असेल त्याची खाच पाडू. लेलँडच्या जुन्या अकराही पाडून टाकू. मला काय, सुरी धारेची आहे."

एक शब्द. "माझी" एवढंच म्हणायचं होतं. पस्तिसावी खाच, बाप मागे पडला असता. मी हाल्वरच्या तोंडाकडे बघत होतो. ते उघडलं. बंद झालं. त्याची नजर त्या बारा फाट्यांवरून फिरली, एकेका फाट्यावरून, घर सोडताना माणूस खिडक्यांवरून फिरवतो तशी.

"माझी बंदूक तीस-सहा आहे," तो म्हणाला. "चोवीसची गोळी माझी कशी असेल? हरीण जावयाचं. गोळी झाडाला घासून वळली असेल."

उत्तरेकडे सुटलेली गोळी झाडाला घासून दक्षिणेला वळते आणि पाच मिनिटं आधी मेलेल्या हरणाला लागते! अख्ख्या आयुष्यात इतकी मोठी थाप मारायची माझी हिंमत झाली नाही.

"तुम्ही म्हणता म्हणजे असेल," लेलँड म्हणाला. "पण बाबा, मग तुमची गोळी?"

"माझी कसली?"

"तुम्हीही एक झाडलीत ना. हरणात गोळी एकच निघाली." त्याचा आवाज तसाच मऊ. "म्हणजे तुमचा नेम चुकला."

आत स्टोव्हवर शिजणाऱ्या रश्शाचं झाकण वाजत होतं. मग गॉर्डी खदखदून हसायला लागला आणि बाकीचेही. माणसं अशीच असतात. सकाळी एकाची पाठ उघडी पडली म्हणून हसतात, दुपारी दुसऱ्याची. कुणीतरी कात्री आणून लेलँडच्या हातात दिली.

"वाकावं लागेल, बाबा. हात वर होत नाही ना तुमचा, मी काढतो शर्ट बाहेर."

पन्नास वर्षांत हाल्वर ब्रेक्केच्या शर्टाला कात्री लागली नव्हती. लोकरीचा लाल चौकड्यांचा शर्ट, बायकोने शिवलेला. लेलँडने घाई केली नाही. शिंप्यासारखं एका रेषेत कापलं. मग त्याच्यावर नाव आणि तारीख लिहिली, सुबक अक्षरात, आणि तुळईच्या बरोबर खाली ठोकलं, तोर्गरच्या चौतीस खाचांखाली. हरणाला तर खाच मिळालीच नाही. लहान बोअरचं होतं ना, नियम म्हणजे नियम. राज्याच्या शिकार-परवान्याची चिठ्ठी शिंगाला हाल्वरच्या नावाची होती, पण आमच्याकडे टोळीतल्या एकाने मारलेल्या हरणाला दुसऱ्याची चिठ्ठी चालते, त्यामुळे तीही त्याच्या कामी आली नाही.

मी मध्ये का बोललो नाही? वचन दिलं होतं. आयुष्यात पाळलेलं हे माझं एकमेव वचन, आणि वचन पाळण्यात इतकी गोडी असते हे मला आधी कुणी सांगितलं असतं, तर मी आणखी दोन-चार दिली असती.

हरणाचं डोकं लेलँडने पेंढा भरून घेतलं आणि आपल्या घरी भिंतीवर, जेवणाच्या टेबलाच्या टोकाच्या खुर्चीच्या बरोबर वर लावलं. ती खुर्ची सासऱ्याची. दर रविवारी चर्चनंतर मुलीकडे जेवण, हा ब्रेक्के घराण्याचा रिवाज. नऊ वर्षं हाल्वर त्या बारा फाट्यांखाली बसून उकडलेले बटाटे खात होता. मलाही बोलावणं असायचं आणि मी एक रविवार चुकवला नाही.

पाहुणा नवा असला की वर बघून विचारायचाच, "बाप रे! हे कुणी मारलं?"

"मी," लेलँड म्हणायचा. "दोनशे त्रेचाळीसने. पण मला नीट सांगता येत नाही. बाबा तिथे होते. बाबा, सांगा ना."

मार्डेल बिचारी कौतुकाने बापाकडे बघायची. तिला काहीच माहीत नव्हतं. मग हाल्वर काटा खाली ठेवायचा आणि सांगायचा. पहाटेचं धुकं कसं होतं, देवदाराच्या आडून आधी फक्त शिंगं कशी दिसली, हरणाच्या नाकातून वाफ कशी येत होती, ते थबकून मागे वळलं तेव्हा श्वास कसा रोखला, चाप कसा ओढला. इतकं बारकाईने सांगायचा की पाहुण्याचा घास हातातच राहायचा. आणि प्रत्येक वाक्यात "मी श्वास रोखला" नाही, "लेलँडने श्वास रोखला" म्हणायचा. एकदाही चुकला नाही.

"तेव्हा ते माझ्या उजव्या बाजूला होतं ना?" लेलँड मध्येच विचारायचा.

"डाव्या," हाल्वरच्या तोंडून निसटायचं.

"उजव्या, बाबा."

म्हातारा वर, त्या काचेच्या डोळ्यांकडे बघायचा. मग पाहुण्याकडे वळायचा.

"हो. उजव्या," तो म्हणायचा. "याच्या उजव्या बाजूला होतं."

"मटण घ्या ना आणखी," लेलँड म्हणायचा आणि ताट पुढे सरकवायचा.