पाटीच्या दोन बाजू आणि एक आमी

मित्रांनो, मी एक जुनी दगडी पाटी आहे, आणि खरं सांगायचं तर मला अजून नीट वाचता येत नाही. तुम्ही हसाल. जिच्या अंगावर जन्मभर अक्षरं गिरवली गेली, तिला वाचता येऊ नये? पण पाटीला स्वतःच्या अंगावरचं दिसत नाही. पेन्सिल फिरते तेव्हा गुदगुल्या होतात, त्यावरून अंदाज करायचा. लिहिणारा मोठ्यानं वाचेल ते खरं धरायचं. लिहिणाराच चुकला, तर पाटीही चुकते. माझी अशी एकदा फार मोठी चूक झाली.

मी आंध्रातल्या एका खाणीत जन्मले. तिथं मला कापलं, घासलं, लाकडी चौकटीत बसवलं आणि गवतात गुंडाळून सोलापूरला पाठवलं. ज्या दुकानात मी आले तिथं पोरं हलक्या पत्र्याच्या पाट्या मागायची. मी जड, म्हणून मागंच पडून राहिले. अखेर साक्षरतेचे वर्ग सुरू झाले तेव्हा माझा नंबर लागला. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलांच्या कडा शिवणाऱ्या बायका दिवसभर मशीन चालवायच्या आणि संध्याकाळी वर्गात येऊन बसायच्या. त्यातल्या एकीच्या मांडीवर मी गेले. तिचं नाव म्हाळसाबाई. वय तेव्हा तिशीच्या पुढं. हात टॉवेलाच्या तंतूंनी खरबरीत झालेले. पहिल्या दिवशी तिनं पेन्सिल अशी दाबली की माझ्या अंगावर ओरखडाच उठला. तो अजून आहे.

सहा महिन्यांत ती वाचायला लागली. वर्गाच्या बाईंनी सगळ्यांसमोर तिची पाटी उंच धरून दाखवली. माझं कौतुक झालं ते तेवढंच, पण मला पुरलं.

त्याच दिवशी घरी येऊन म्हाळसाबाईनं पेटीतून एक निळं आंतरदेशीय पत्र काढलं. वरचा भाग कसरीनं खाल्लेला, खाली तीन ओळी उरलेल्या. ती पत्राकडं बघत राहिली, मग माझ्याकडं, मग परत पत्राकडं. अक्षरांच्या डोक्यावर रेघ तीच होती. एक म ओळखीचा वाटत होता, एक न वाटत होता. बाकी सगळं परकं. काही अक्षरं तर पोट फुगलेल्या त्रिकोणासारखी.

"बाईनं मला चुकीची अक्षरं शिकीवली की काय?" ती म्हणाली.

मलाही तसंच वाटलं. आम्ही दोघी घाबरलो. दुसऱ्या दिवशी वर्गाच्या बाईंनी पत्र बघून सांगितलं, "अहो, हे मराठी नाहीच. बंगाली आहे." म्हाळसाबाईनं पत्र परत घडी केलं आणि पेटीत ठेवलं.

ते पत्र तिच्या आईचं होतं. म्हाळसाबाईचा बाप जोतिराम सांगोल्याकडचा. तिकडची पुष्कळ माणसं सोनं-चांदी गाळायच्या कामाला देशभर जातात, त्याला गलाई म्हणतात. जोतिराम असाच कलकत्त्याच्या बाजूला गेला, तिथं शेफाली नावाच्या मुलीशी लग्न केलं आणि तेजाबाच्या धुरानं छाती खराब झाल्यावर तिला घेऊन गावी परतला. म्हाळसा सहा वर्षांची असताना शेफाली आजारी वडिलांना बघायला म्हणून माहेरी गेली. ती आलीच नाही. पत्र आलं, पण जोतिरामला कुठलीच अक्षरं येत नव्हती. त्यानं ते कुणाला दाखवलं की नाही, हे मला ठाऊक नाही. पाच वर्षांनी तो वारला आणि त्याच्या पिशवीत हे पत्र सापडलं. गावात एकच बोललं जायचं, बंगालीण पोर टाकून पळाली.

आईची एकच गोष्ट म्हाळसाबाईला आठवत होती. आई तिला हाक मारायची ती. आजी म्हणायची, "पोरीला कुकू म्हनती. कपाळाला लावायचं कुकू. काय येड्यावानी नाव!" म्हाळसाबाईलाही तेच वाटायचं, की आपलं लाडाचं नाव कुंकवाचं आहे.

वर्षं गेली. मी कपाटामागं उभी होते. म्हाळसाबाईचा नवरा वारला, मुलाचं लग्न झालं, सून सोनम घरात आली. म्हाळसाबाईनं साठी ओलांडली आणि कारखाना सोडला. एक दिवस कानातली फुली दुरुस्त करायला ती सराफांच्या गल्लीत गेली आणि धापा टाकत परत आली. कपाटामागून मला ओढून काढलं, पदरानं पुसलं आणि पिशवीत घातलं.

झालं होतं असं, की कारागिराच्या खोलीत तिला भिंतीवर एक कॅलेंडर दिसलं होतं. त्यावर तीच अक्षरं. तो कारागीर म्हणजे निमाई. चाळिशीचा माणूस, बंगालमधून आलेला. म्हाळसाबाईचा बाप सोनं गाळायला तिकडं गेला आणि हा सोनं घडवायला इकडं आला. मी पिशवीतून बाहेर आले तेव्हा त्यांचं बोलणं चाललं होतं.

"बोसा, मासी," निमाई म्हणाला.

"मासी? आरं मी काय मासळी हाय का? मावशी म्हन की."

"तेच बोलला मी. आमच्यात मावशीला मासी बोलते."

"बरं. मला ही अक्षरं शिकीव."

"पत्र आहे काय तुमच्याकडे? द्या, मी वाचते एक मिनिटात."

"पत्र-बित्र काय न्हाय," म्हाळसाबाई चटकन म्हणाली. पत्र तिच्या कनवटीला होतं.

ती खोटं का बोलली, हे तिनं मला वाटेत सांगितलं. एकटी असली की ती माझ्याशी बोलायची. "आईनं मला टाकलं आसंल, तर ते दुसऱ्याच्या तोंडानं नगं. माझं मला कळू दे. मग रडायचं का न्हाय, ते मी बघीन."

दर रविवारी दुपारी आम्ही जायला लागलो. माझी एक बाजू मराठीची राहिली, दुसरी बांगलाची झाली. माझी तर तारांबळ उडाली. व लिहिल्यासारखं वाटावं, तर निमाई त्याला ब म्हणायचा. त्याच ब च्या पायाशी टिंब दिलं की र. ओकार तर अक्षराच्या दोन्ही बाजूंनी हात घालून उभा. मराठी बाजूला शिकलेलं बांगला बाजूला उपयोगी पडेना, आणि अगदीच निरुपयोगी आहे असंही होईना.

एकदा निमाई खूश होऊन म्हणाला, "मावशी, तुमची शिक्षा खूप चांगली चालली आहे."

म्हाळसाबाईनं पेन्सिल खाली ठेवली. "शिक्षा? म्या काय गुन्हा केला रं?"

"गुन्हा? शिक्षा माने शिकणे!"

"आमच्यात शिक्षा म्हंजे कोंबडा करून हुबं करनं."

दोघं हसली. निमाई म्हणाला, "म्हणून बोलते, एकसारखा शब्द आला की विचारायचं. नवा शब्द फसवत नाही. ओळखीचा फसवते."

घरी सोनमची वेगळीच चेष्टा चालायची. "आत्या, ह्या वयात बंगाली? बंगाली बाबा व्हायचंय का काय? रिक्षाच्या मागं लावायला पोस्टर छापून आनू?"

"आन की. पैली करनी तुझ्यावरच करते," म्हाळसाबाई म्हणायची, आणि सोनम खदखदून हसायची.

अक्षरं संपली. शब्दांची सुरुवात पुढच्या रविवारी होती. पण म्हाळसाबाईला दम निघेना. मंगळवारी सोनम बाजारात गेल्यावर तिनं पत्र उलगडलं आणि पहिल्या दोन ओळी एकेक अक्षर बघून माझ्यावर उतरवल्या. दुसऱ्या दिवशी निमाईला फोन लावला. पत्राचं नाव न काढता एकेक शब्द विचारला.

"एखाने म्हंजे?"

"इथे."

"नियेछि?"

"घेतलं. काय मावशी, पुढचा धडा घरीच करते?"

"व्हय, जरा बघत हुते." तिनं फोन ठेवला. बाकीचे शब्द तिनं विचारले नाहीत. ते तिला येतच होते. घर म्हणजे घर. आमि म्हणजे आमी. आणि एका म्हणजे ऐका, आईला ऐ लिहिता आला नसेल. मग ती मोठ्यानं वाचायला लागली आणि मी ऐकत राहिले.

"आमी हितं घर घेतलंय. आमी. ऐका."

ती थांबली. पुन्हा वाचलं. मग अगदी हळू म्हणाली, "आमी म्हंजे कोन कोन?"

माझ्या मराठी बाजूवर हा शब्द कितीतरी वेळा लिहिला होता. आमी कामाला जातो. आमी टॉवेल शिवतो. आमी म्हटलं की एकापेक्षा जास्त माणसं, एवढं मी शिकले होते. तेव्हा मीही तेच समजले. शेफालीनं तिकडं दुसरा संसार मांडला होता. दोघांनी घर घेतलं होतं आणि वर जोतिरामला दटावलं होतं, ऐका म्हणून.

म्हाळसाबाई रडली नाही. तिसरी ओळ तिनं वाचलीच नाही. पत्र घडी करून पेटीत टाकलं. मला पुसलंसुद्धा नाही. फक्त उलटं केलं आणि भिंतीला टेकवून ठेवलं. संध्याकाळी सोनमला ज्वारीच्या डब्याचं झाकण सापडेना. तिनं मला उचलून डब्यावर ठेवलं, बांगला बाजू खाली. म्हाळसाबाईनं बघितलं आणि म्हणाली, "ऱ्हाऊ दे. तेवढ्याच कामाची हाय ती."

मित्रांनो, मी सतरा दिवस झाकण होते. अंधार आणि ज्वारीचा वास. वरून सोनम कधी भाजीची पिशवी ठेवायची, कधी चहाचं भांडं. कामाचं दुःख मला नव्हतं. पण खालच्या बाजूला दोन ओळी होत्या आणि वरच्या बाजूला म्हाळसाबाईचं जेवण तुटलेलं मला दिसत होतं. आपल्या अंगावर लिहिलेलं खरं आहे की खोटं, हेच पाटीला कळत नसेल, तर तिनं करायचं काय?

तिसऱ्या रविवारी निमाई स्वतःच आला. दोन रविवार म्हाळसाबाई आली नाही, फोन उचलला नाही, म्हणून फुली कागदात बांधून घेऊन आला. म्हाळसाबाई भिंतीला टेकून बसली होती. उठली नाही.

"बरं न्हाय वाटत त्यास्नी," सोनम म्हणाली. "बसा, दादा. भाकरी खाऊनच जावा." तिनं ज्वारीचं पीठ काढायला मला डब्यावरून उचललं आणि चुलीशेजारी भिंतीला उभं केलं. या वेळी बांगला बाजू बाहेर आली.

निमाईनं बघितलं. ओळी वाचल्या. त्याचा चेहरा उतरला. तो सोनमकडं बघायला लागला, रागानंच.

"मावशी, हे काय? सूनबाईशी भांडण झाली?"

"माझ्याशी?" सोनमच्या हातातलं माप तसंच राहिलं. "मी काय केलं?"

"मग मावशीने वेगळं घर कशाला घेतली? एकटी कशाला राहते?"

म्हाळसाबाईनं मान वर केली. "कोन एकटी ऱ्हातंय?"

"तुम्हीच लिहिली ना. आमि एखाने घर नियेछि. मी इथे घर घेतलं. आमि एका. मी एकटी."

म्हाळसाबाई उठून माझ्यापाशी आली. माझ्यावरच्या पहिल्या शब्दावर तिनं बोट ठेवलं.

"आमी म्हंजे... आमी न्हवं?"

"ना. आमि माने मी. एकच माणूस. तुमचं ते आमी, त्याला आमच्यात आमरा बोलते."

"आन् एका? ऐका न्हवं?"

"एका माने एकटी."

ती खाली बसली. साठ वर्षांच्या बाईला जमिनीवर बसायला वेळ लागतो, पण ती एकदम बसली. मग सरकत पेटीपाशी गेली आणि पत्र काढलं. निमाईनं हात पुढं केला.

"थांब. म्या वाचते."

तिसरी ओळ ती माझ्यावर उतरवायला लागली. पेन्सिल हळू फिरत होती. पहिलं अक्षर लिहून ती थांबली.

"ह्यो ख हाय, व्हय? क न्हाय?"

"ख."

"खु. कु. खुकु." ती निमाईकडं बघत राहिली. हा शब्द तिला आला पाहिजे होता. आपलंच नाव ते. तरी तिनं विचारलं. "खुकु म्हंजे काय?"

"खुकु माने छोटी मुलगी. घरातली, लाडाची."

"कुकू न्हाय?"

"कुकू काय असते?"

म्हाळसाबाईनं पेन्सिल पुन्हा धरली. राहिलेले शब्द तिनं एकेक करून विचारले. निये म्हणजे घेऊन, एशो म्हणजे या. मग सगळी ओळ बोट फिरवत मराठीत म्हटली. "खुकुला घेऊन या."

आणि मग ती रडली. सोनमनं माप खाली ठेवलं आणि तिच्या शेजारी बसली. निमाई फुलीची पुडी हातात धरून उभाच राहिला.

ज्वारीच्या डब्याला आता नवीन झाकण आहे. मला खिळ्याला टांगलंय. त्या पत्रावर पत्ता नाही, तो भाग कसरीनं खाल्ला, आणि ज्या घरात शेफाली वाट बघत बसली ते कुठं होतं हे निमाईलाही शोधता आलं नाही. तरी रविवारचा वर्ग बंद झाला नाही. म्हाळसाबाईनं माझ्या बांगला बाजूवर एक ओळ लिहिली आहे आणि सोनमला बजावलं आहे की फडकं लावायचं नाही. ती ओळ आहे, "मा, आमि खुकु."

मित्रांनो, मी दगड आहे, मोठं काही सांगायचा मला अधिकार नाही. पण तुमच्या घरात कुणाचं न वाचलेलं पत्र असेल, तर त्याला कसर लागू देऊ नका. आणि ते वाचायला बसलात, तर न येणारे शब्द विचाराच, पण येणारेसुद्धा विचारा. माझा गोंधळ मात्र अजून संपलेला नाही. एका बाजूला आमी म्हणजे सगळी, दुसऱ्या बाजूला आमि म्हणजे मी एकटी. भिंतीकडं कुठली बाजू करायची हे म्हाळसाबाईलाही ठरवता येत नाही. रोज सकाळी ती येते, वाचते, आणि मला उलटं करून जाते.