सैल हाताचा पहारेकरी

मित्रांनो, चार वर्षांपूर्वी एका घरी एक पत्र आले. रेघांच्या कागदावर लिहिलेले, जेमतेम सहा ओळींचे. त्याचे उत्तर गेले नाही. उत्तर लिहिणे हे माझे काम नव्हते, मला हात नाहीत. तरीही त्या न गेलेल्या उत्तराची बोचणी मला लागून राहिली, कारण सगळ्या प्रकरणाचे मूळ बहुधा मीच होते. 'बहुधा' म्हणते, कारण छातीठोकपणे बोलण्याची मला सवय नाही.

मी एक जनुक आहे, फार जुने. तुमच्या अंगातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत एक लांबलचक मजकूर असतो, एक प्रत आईकडून आलेली, एक वडिलांकडून. त्या अफाट मजकुरातला एक लहानसा उतारा म्हणजे मी. किती पिढ्यांनी मला नकलून पुढे दिले याची मोजदाद नाही. सध्या मी ज्यांच्या अंगात राहते ते एका गावच्या वाचनालयाचे निवृत्त ग्रंथपाल आहेत. मी त्यांच्या कानात आहे, डोळ्यांत आहे, बोटांतही आहे; पण तिथे मला काही काम नाही, मी मिटून पडलेले असते. मिटून पडलेल्याच्याही कानावर चार गोष्टी पडतातच, म्हणून ही हकीकत सांगता येते.

माझे खरे काम यकृतात. लोक काळीज म्हणून छातीवर हात ठेवतात ते हृदय. खाटकाला विचाराल तर काळीज म्हणजे यकृत. नाव आमचे आणि कविता शेजाऱ्यावर, असा हा प्रकार आहे. असो.

यकृतात साखरेवर काम करणारे एक विकर, म्हणजे एन्झाइम, असते. त्याला आपण कारागीर म्हणू. रक्तातून आलेली साखर तो पकडतो आणि कामाला लावतो: थोडी साठवायची, थोडी वापरायची, फारच उरली तर तिची चरबी करायची. कामाला तो वाघ आहे, पण त्याला थांबायचे कळत नाही. पोट रिकामे असते तेव्हा यकृताने रक्ताला साखर द्यायची असते. तेव्हाही हा ती मागे ओढू लागला तर कसे चालेल? म्हणून माझ्या मजकुरावरून एक पहारेकरी घडवला जातो. उपाशी वेळी तो कारागिराचा हात धरून त्याला पेशीच्या आतल्या खोलीत, केंद्रकात, बसवून ठेवतो. जेवण झाले, साखर आली, की हात सोडतो. धरायचे आणि सोडायचे, एवढेच आमचे आयुष्य.

आता माझी उणीव सांगते. पिढ्यानपिढ्यांपूर्वी मला नकलताना कुठेतरी एक बारीक फरक पडला, आणि तेव्हापासून माझा पहारेकरी सैल हाताचा निघाला. कारागीर त्याच्या हातून निसटतो आणि हवे त्यापेक्षा जास्त वेळ मोकळा राहतो. त्यामुळे रक्तातली साखर थोडी कमी राहते, हे बरे. पण चरबी थोडी जास्त तयार होते, हे तितकेसे बरे नाही. माझ्यासारखी सैल हाताची जनुके जगात पुष्कळ आहेत. मी काही रोग नव्हे. बहुतेकांना माझा पत्ताही लागत नाही.

ग्रंथपालांनाही लागला नव्हता. तरुणपणी ते शिडीवर चढून वरच्या फळीवरची पुस्तके पुसायचे आणि त्यातलेच एखादे उघडून शिडीवरच वाचत बसायचे. घरून नेलेला डबा तसाच परत यायचा. मग दुपारी चार चमचे साखरेचा चहा, त्यासोबत बिस्किटे. सकाळभर माझा पहारेकरी कसाबसा हात धरून उभा, आणि चारच्या सुमाराला एकदम दार उघडे. कुणी शाबासकी दिली नाही. वाचनालयात शरीरशास्त्राचे एक पुस्तक होते, त्यात त्या कारागिराला एक ओळ होती. मला तेवढीही नव्हती. मी मनाची समजूत घातली, की आपण काही ओळीत येण्यासारखे नाही.

ग्रंथपालांना एक धाकटा भाऊ. तो शाळेची बस चालवायचा. हसरा, बडबड्या, दादाच्या अगदी उलट. दरवर्षी चालकांची तपासणी व्हायची. एका वर्षी त्याच्या यकृतात चरबी निघाली. तपासणाऱ्याने कागदावरून नजर न उचलता म्हटले, "जरा कमी करा." काय कमी करा, हे धाकट्याला बाहेर आल्यावर उमगले. शाळेने चौकशी होईपर्यंत बसची किल्ली काढून घेतली.

तो थेट दादाकडे आला. हसतच सांगू लागला, "दादा, ऐक तरी. मी म्हणे पितो. लग्नात सरबत प्यायलो तरी मला ठसका लागतो."

ग्रंथपालांनी ऐकून घेतले. मग उठले आणि कपाटातून एक जाडजूड वैद्यकीय कोश काढला. वाचनालयाने जीर्ण म्हणून काढून टाकलेली ती आवृत्ती त्यांनी मायेने घरी आणली होती. पान शोधून त्यांनी बोट ठेवले. तिथे छापले होते, की यकृताचा असा विकार बहुतांशी मद्यपानामुळे होतो.

"बहुतांशी," धाकटा म्हणाला. "सगळ्यांनाच नाही ना?"

"तसं नाही रे. पण छापलंय ते उगीच का छापतील?"

धाकट्याने चहा अर्धा ठेवला आणि निघून गेला. आठवड्याने त्याचे ते पत्र आले. शेवटच्या ओळी मला पाठ आहेत. 'दादा, बसचं काय व्हायचं ते होईल. बाकीच्यांचंही जाऊ दे. मी पीत नाही, हे तुला खरं वाटतं का, तेवढं कळव.'

ग्रंथपाल उत्तर लिहायला बसले. 'प्रिय' लिहिले आणि थांबले. खरे वाटते म्हणावे तर कोश खोटा पडतो, नाही म्हणावे तर भाऊ. कागद फाडला. असे तीनदा झाले. दोन महिन्यांनी कुणाकडून तरी कळले, की चौकशीत काही निघाले नाही, धाकट्याला बस परत मिळाली. आता तर लिहिणे आणखीच अवघड झाले, कारण आता उशिराचीही लाज वाटू लागली. त्या दिवसांत त्यांचे जेवणावर लक्ष नसायचे. ते मला सगळ्यांच्या आधी कळायचे.

चार वर्षे अशीच गेली. या वर्षी त्यांच्या पोटात उजवीकडे जड वाटू लागले, म्हणून बायको त्यांना दवाखान्यात घेऊन गेली. तरुण डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफीच्या कागदावर यकृतातली चरबी पाहिली आणि विचारले, "काका, थोडीफार घेता का?"

"काय?" ग्रंथपालांनी विचारले.

"हे? अहो डॉक्टर, यांना खोकल्याचं औषध चढतं," बायको म्हणाली. "दोन चमचे घेतले की भिंतीला धरून चालतात."

डॉक्टरीणबाई हसल्या आणि त्यांनी कागदावर काहीतरी लिहिले. ग्रंथपालांना उलटा कागद वाचायची जुनी सवय. त्यांनी वाचले: 'मद्यपान: नाही म्हणतात.'

मित्रांनो, त्या क्षणी त्यांच्या अंगात जे झाले ते मी आतून पाहिले. यकृताने साठवणीतली साखर भराभर रक्तात सोडली, जणू कुणी अंगावर धावून आले होते. बासष्ट वर्षे ज्याने थेंब चाखला नाही, त्याच्या नावापुढे 'म्हणतात' लागले होते. आपण धाकट्याला नेमके हेच केले, हे त्यांना समजावून सांगावे लागले नाही.

"घरात आणखी कुणाला असं निघालं होतं का?" डॉक्टरीणबाईंनी विचारले.

ग्रंथपालांनी कागदावरची नजर काढली. मग म्हणाले, "धाकट्या भावाला."

"तो घेतो?"

"त्याला मी विचारलंच नाही. घेत नाही, असं त्यानं आपणहून सांगितलं होतं."

पुढच्या भेटीत डॉक्टरीणबाईंनी माझी गोष्ट सांगितली. ग्रंथपालांचे रक्त तपासणीला गेले होते आणि दोन्ही प्रतींत मी सैल हाताचे निघाले होते. पहिल्यांदा कुणीतरी माझ्याबद्दल बोलत होते, आणि मला लपून बसावेसे वाटत होते. पण त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "हे एकटंच कारण नसतं, काका. पण हे असलं की चरबी साठायला सोपं जातं. साखर कमी करा, वेळेवर जेवा, रोज चाला. पहारेकरी ढिला असला तर आपण त्याला जरा मदत करायची."

मदत! इतक्या वर्षांत मला कुणी मदतीचा शब्द बोलले नव्हते.

घरी आल्यावर ग्रंथपालांनी कोश उघडला नाही. कोरे कागद घेतले आणि लिहायला बसले. अकरा पाने झाली. त्यात मी होते, कारागीर होता, तपासणीचा अहवाल जोडलेला होता. शेवटी लिहिले होते, की तूही रक्त तपासून घे, म्हणजे सगळे सिद्ध होईल.

बायकोने चष्मा लावून सगळे वाचले.

"भाऊजींकडे हे जनुक नसलंच तर?"

"असणार. एकाच आईबापाची मुलं आम्ही."

"डॉक्टर तर म्हणाल्या, असेलच असं नाही."

हे खरे होते. धाकट्याकडे मी कसे आहे, हे मलाही ठाऊक नाही.

"म्हणून तर तपासायला सांगतोय," ग्रंथपाल म्हणाले.

"अहो, त्यांनी पत्रात रक्त मागितलं होतं का? खरं वाटतं का, एवढंच विचारलं होतं. आधी तुमचा कोश मध्ये आला, आता हा अहवाल. तुम्ही स्वतः कधी येणार?"

ग्रंथपालांनी अकरा पाने सारखी केली आणि टेबलाच्या खणात ठेवली. एक नवा कागद घेतला. या वेळी हात थांबला नाही. लिहिले, 'तू पीत नाहीस, हे मला खरं वाटतं. तेव्हाच सांगायला हवं होतं. माझं चुकलं. तुझा दादा.' पाकिटात तेवढेच घातले.

मित्रांनो, आमच्यापैकी कुणी सैल हाताचे असते, कुणी घट्ट. आमची काळजी घ्या, वेळेवर जेवा, हालचाल करा. आम्ही तुमच्यासाठी होईल तेवढे करतो. पण आमच्यावर एक ओझे टाकू नका. आपले माणूस खरे बोलते की नाही, याची साक्ष आमच्याकडे मागू नका. ते आमच्या मजकुरात लिहिलेले नसते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रंथपाल चालायला निघाले. न्याहारी वेळेवर झाली होती, माझ्या पहारेकऱ्याने कारागिराचा हात नुकताच सोडला होता. कोपऱ्यावरच्या टपालपेटीपाशी ते थांबले, पत्ता पुन्हा एकदा वाचला आणि पाकीट आत टाकले.