दोघांच्या सह्या

“एका कागदापायी किती खोळंबा! माझ्या आधार कार्डाची झेरॉक्स आता गणपतीलाच मिळणार बहुतेक,” जया प्रेमाच्या मानेमागेच पुटपुटली.

जया शेजारच्या खोलीतली. कांजूरमार्गात झेरॉक्सची इतकी दुकानं, पण हिला आज नेमकं नानांचंच सुचलं होतं.

प्रेमाच्या मानसीला आयर्लंडच्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता. फी, राहणं, जेवण, सगळ्याची शिष्यवृत्ती मिळायची होती. ती नाही तर जाणंही नाही. आज शेवटचा दिवस, आणि एकच कागद राहिला होता. घरच्या उत्पन्नाच्या तपशिलाखाली आईवडील दोघांच्या सह्या. आईची झाली होती, चार दिवस गिरवून, इंग्रजीत.

दशरथला, मानसीच्या वडिलांना, शेवटचं पाहून नऊ वर्षं झाली होती. मुंबईत कुणी विचारलं की प्रेमा सांगायची, ते गावी असतात, बागेचं बघतात. गणपतीत गावी गेली की सांगायची, मुंबईत रजा नाही मिळाली. मानसीला चौथीपासून दोन्ही उत्तरं पाठ. कुठलं कुठे द्यायचं, यात ती कधी चुकली नाही.

“वयनी, आण तो कागद,” धाकटा दीर राजेश कानाशी येऊन म्हणाला. “दादाची सही मी ठोकतो. हिच्या प्रगतिपुस्तकावर इतकी वर्षं कोण करत होता?”

“काका, हे प्रगतिपुस्तक नाय ना,” मानसी म्हणाली. “खोटी निघाली तर स्कॉलरशिप गेली. कॉलेजवाले फोन करून विचारतात.”

“कोणाला?”

“पप्पांना.”

राजेशने पेन खिशात ठेवलं.

नानांनी चष्मा कपाळावर सरकवून स्क्रीनवरचा अर्ज न्याहाळला. “वडील सोबत राहत नसतील तर इथे खूण करायची. मग सही नको. पण का राहत नाहीत ते आईनं दोन ओळींत सांगायचं. तुम्ही बोला, मी इंग्रजीत घालतो.”

“लिहा, कामानिमित्त गावी...” राजेश म्हणाला.

“मग गावचा नंबर मागतील,” मानसी म्हणाली.

“मग तब्येतीचं काहीतरी घाला.”

मागची पुटपुट कधीच थांबली होती. “होऊ दे गं सावकाश,” जया म्हणाली. “मला कुठे घाई आहे?”

मानसीने मोबाइल पर्समध्ये टाकला. “जाऊ दे, आई. इथे काय कॉलेजं नाहीत?”

तेवढ्याच सरळ आवाजात. चौथीत, बाईंनी विचारल्यावर, ‘पप्पा गावी असतात’ म्हणायची, अगदी तशाच. तेव्हा प्रेमाला बरं वाटलं होतं, पोर किती समजूतदार म्हणून.

तिने काउंटरची कड धरली.

“नाना, लिहा,” ती म्हणाली, आणि जयाला कान द्यावा लागू नये इतक्या मोठ्याने म्हणाली, “माझा नवरा गावी नाही आणि मुंबईतही नाही. नऊ वर्षं झाली, तो आम्हाला टाकून गेलाय.”