दुसरा फॉर्म

मुलांच्या वागण्याला मार्क द्यायचे, हे रत्नमाला भगत मॅडमना बावीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच कोणी सांगत होतं. गणिताला त्यांनी मार्क दिले होते, भाषेला दिले होते, शिक्षणाधिकारी येणार म्हटल्यावर वह्यांच्या कव्हरांनाही दिले होते. पण 'जागेवरून वारंवार उठते', 'प्रश्न पूर्ण होण्याआधी उत्तर देते', 'वर्गात हरवल्यासारखी बसते' अशी चाळीस वाक्यं आणि प्रत्येकापुढे चार चौकोन, 'कधीच नाही' पासून 'नेहमी' पर्यंत, हे प्रकरण नवीन होतं.

दिवाळीच्या महिनाभर आधी मानोऱ्याला त्याचं प्रशिक्षण झालं. शिकवायला प्रसेनजित आला होता, तिशीतला, पुण्याच्या कुठल्या तरी विद्यापीठात संशोधन करणारा. पण मूळचा वाशीमचा, त्यामुळे 'याले आमचं काय समजते' असं म्हणायची कोणाला सोय नव्हती. ही प्रश्नावली परदेशात, तिथल्या मुलांसाठी तयार झालेली. ती आपल्या तांड्यावरच्या, खेड्यातल्या मुलांना लागू पडते की नाही, हे त्याला तपासायचं होतं.

"हे नऊ नंबरचं वाक्य पाहा," मागून एक गुरुजी उठले. "'शिक्षकांच्या नजरेला नजर देत नाही.' म्हंजे नजरेले नजर भिडवनारं पोट्टं चांगलं का? आमच्याकडं त्याले शिरजोर म्हनतात."

सभागृह हसलं. प्रसेनजितने ते खाली मान घालून लिहून घेतलं आणि तो म्हणाला, "सर, हेच मला पाहिजे होतं." माणूस भला होता. सरकारी प्रशिक्षणात शिक्षकाचं बोलणं लिहून घेणारा माणूस रत्नमालाबाईंनी तरी पाहिला नव्हता.

शेवटी त्याने सांगितलं, की हाच फॉर्म अठरा दिवसांनी पुन्हा भरायचा. "दुसऱ्या वेळी पहिला फॉर्म पाहायचा नाही. मूल त्या दिवसांत जसं दिसतं तसं लिहायचं. फरक आला तर येऊ द्या. आम्हाला तोच बघायचाय."

यावर सगळे पुन्हा हसले, पण वेगळं. शेजारी बसलेले मुख्याध्यापक जगदेव सर रत्नमालाबाईंच्या कानाशी लागले. "फोटो काढून ठेवजा मोबाईलमधी. उद्या जुळलं नाई तं खुलासा तुमाले द्या लागन."

खुलासा हा शब्द बाईंनी एकदा भोगला होता. तीन वर्षांपूर्वी मुलांच्या वजनाच्या दोन नोंदी जुळल्या नव्हत्या. एक नोंद जुलैतली, दुसरी सप्टेंबरातली. दोन महिन्यांत मुलं वाढतात, हे तपासणीला आलेल्या साहेबांना मान्य नव्हतं. कारणे दाखवा नोटीस आली, चार वेळा वाशीमला खेटे घालावे लागले आणि शेवटी सेवापुस्तकात शेरा पडला तो पडलाच. तेव्हापासून बाईंनी एक शिस्त लावून घेतली होती. कोणताही कागद भरायचा तर आधीचा कागद शेजारी ठेवून. मुलं कशीही वाढोत, कागद जुळला पाहिजे.

पहिला फॉर्म मात्र त्यांनी मन लावून भरला. सातवीच्या बत्तीस मुलांचा, दोन दिवस घेऊन. चौदा नंबरला रंजीता होती, सोमला राठोडची पोरगी. तिच्या पानाशी आल्यावर बाईंना हसूच आलं.

सतत बोलते? नेहमी. जागेवरून उठते? नेहमी. दुसऱ्याचं बोलणं मध्येच तोडते? नेहमी, नेहमी, नेहमी. ही पोरगी पाठ ऐकायचीच नाही, पाठाशी भांडायची. "मॅडम, समुद्र खारा हाय तं त्याचा पाऊस गोड काहून?" हे विचारायला ती फळ्यापर्यंत चालत आली होती. उत्तर मिळालं तर समाधान नाही, त्यातून दुसरा प्रश्न. बाई डाफरायच्या, खडू फेकून मारायचा आव आणायच्या आणि घरी गेल्यावर नवऱ्याला तिचेच किस्से सांगायच्या. शाळा सातवीपर्यंतच होती. पुढच्या जूनमध्ये हिला मानोऱ्याच्या मुलींच्या वसतिगृहात घालायचंच, हे त्यांनी पक्कं ठरवलं होतं. अर्ज आणून कपाटात ठेवला होता, सोमलाचा होकारही घेतला होता. त्या विदेशी फॉर्मप्रमाणे बेरीज केली असती तर रंजीता वर्गातली सगळ्यात बिघडलेली मुलगी ठरली असती.

दुसरा फॉर्म भरायचा दिवस दिवाळीच्या सुट्टीआधी पाच दिवस आला. सोयाबीन निघालं होतं, तांड्यावर ऊसतोडीला जायची बांधाबांध सुरू होती. मुलांचं अर्धं लक्ष वर्गात नव्हतं आणि बाईंचंही नव्हतं. चाचणीचे निकाल, पोषण आहाराची माहिती, मतदार यादीचं काम, सगळं एकाच आठवड्यात अंगावर आलेलं. मधल्या सुट्टीत त्यांनी मोबाईल पाण्याच्या बाटलीला टेकवून उभा केला, जुना फोटो उघडला आणि खुणा उतरवायला सुरुवात केली. पाचवं पान, सहावं पान. हात चांगला बसला होता.

चौदाव्या पानाला टेबलाशी कोणी तरी येऊन उभं राहिलं. रंजीता होती.

"काय लिहून राह्यल्या मॅडम?"

"तुमचं साऱ्याइचं वागनं."

"माह्यं बी?"

"तुह्यंच चालू हाय."

पोरीने वाकून वाचलं. तिचं वाचन वर्गात सगळ्यात चांगलं. 'वर्गात सतत बोलते.' त्यापुढे बाईंनी नुकतीच 'नेहमी'च्या चौकोनात खूण केली होती.

"मी तं आता बोलतच नाई, मॅडम."

बाईंनी मान वर केली नाही. गोष्ट खरी होती. आठ-दहा दिवसांपासून रंजीता खिडकीजवळ जाऊन बसायची, खिचडी शेजारणीच्या ताटात ओतायची, हात वर करायची नाही. बाईंच्या ते ध्यानात आलं नव्हतं असं नाही. पोर मोठी होत चालली, समज आली, असं त्यांना वाटलं होतं. खरं सांगायचं तर बरंही वाटलं होतं, कारण रखडलेले दोन धडे त्या शांततेत उरकले होते.

"मागच्या खेपेले बोलत होती ना? मंग तेच लिहा लागते," बाई म्हणाल्या. "जा, बस जाग्यावर."

ती गेली नाही. टेबलाच्या कडेचा सनमायका उचकटला होता, तो नखाने आणखी उचकटत राहिली.

"मॅडम..."

"अवं, बस म्हटलं ना! चुकन माह्यं."

ती जाऊन बसली. पुढचं वाक्य बाविसावं होतं, 'वर्गात हरवल्यासारखी बसते.' बाईंचा पेन तिथे क्षणभर थांबला. मग त्यांनी मोबाईलकडे पाहिलं. मोबाईलमध्ये 'कधीच नाही' होतं. त्यांनी 'कधीच नाही' केलं. संध्याकाळी बत्तीस पानांचे फोटो प्रसेनजितला गेले आणि बाईंच्या डोक्यावरचा एक भार उतरला.

सुट्टीनंतर शाळा भरली तेव्हा खिडकीजवळची जागा रिकामी होती. ऊसतोडीमुळे दरवर्षी आठ-दहा जागा रिकाम्या व्हायच्याच, पण रंजीता आजीजवळ राहायची, तिचं नाव कधी गळालं नव्हतं. बाईंनी विचारलं तर मुलींनी एकमेकींकडे पाहिलं. एक जण तोंडावर ओढणी धरून म्हणाली, "तिचं लगन झालं, मॅडम."

बाई शाळा सुटेपर्यंत थांबल्या नाहीत. तशाच तांड्यात गेल्या. रंजीताची आजी रुपाबाई दारात बसून चाचपडत तूर निवडत होती. तिच्या दोन्ही डोळ्यांत पडदा आला होता.

"रंजीता कुठी हाय?"

"गेली टोळीसंगं." म्हातारीने आवाजावरून मॅडमना ओळखलं. "नवऱ्याचा कोयता हाय. मुकादम जोडी असल्याबिगर घेत नाई. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्या पोराले जोडी पायजे होती, आन सोमलाले पोरीची काळजी."

"तेरा वर्साची हाय ते!"

"मले का मालूम नाई? मायाच हातावर जलमली." म्हातारीने सूप खाली ठेवलं. "मायबाप सहा महिने तिकडं. औंदा मले दिसत नाई. पोर मोठी झाली. कोनाच्या भरोशावर ठेवू? तुमीच सांगा."

जूनमधल्या वसतिगृहाचा अर्ज बाईंच्या कपाटात होता आणि मधले सहा महिने कुठल्याच कपाटात नव्हते.

"पन ते तं तुमाले सांगाले आली होती ना?" म्हातारी म्हणाली. "मले म्हने, आजी, मी मॅडमले सांगतो. मॅडम सायबाले फोन करतीन, मंग लगन थांबते. मी म्हटलं, सांग माय. मायं बी मन नवतं. त्या दिवशी शाळेतून आली, दप्तर ठिवलं आन भितीकडं तोंड करून निजली. काईच बोलली नाई. तुमी काय म्हटलं होतं तिले?"

रत्नमालाबाई उभ्याच्या उभ्या राहिल्या. म्हातारीपुढे बसायचीही त्यांना लाज वाटली. त्या तिथून निघाल्या.

त्यांनी धावपळ केली नाही असं नाही. हेल्पलाइनला फोन केला, ग्रामसेवकाला गाठलं, तक्रार लिहून दिली. सगळ्यांनी एकच विचारलं, की पोरगी आहे कुठे? सोमलाचा फोन बंद होता. तांड्याचे नाईक उदयसिंग म्हणाले, "सांगलीकडं गेले का कर्नाटकात, मले बी नाई मालूम." ते खरं होतं की नाही, देव जाणे. जगदेव सरांनी हजेरीपटावर रंजीताच्या नावापुढे 'स्थलांतरित' लिहायला सांगितलं. शब्दात चूक काढायला जागा नव्हती.

नोव्हेंबर सरता सरता प्रसेनजितचा फोन आला. आवाज खुशीत होता.

"मॅडम, अभिनंदन. सबंध जिल्ह्यात तुमच्या वर्गाचे दोन फॉर्म सगळ्यात जास्त जुळले. वाशीमला कार्यक्रम ठेवलाय, तुम्हाला प्रमाणपत्र देतोय. यायचं बरं का."

बाईंनी समोरचा हजेरीपट मिटला.

"आणि तुमच्याकडे आमच्या विजयमालाताई आल्या नाहीत, याचं वाईट वाटून घेऊ नका," तो हसत म्हणाला. "त्या समुपदेशक आहेत. ज्या मुलाच्या दुसऱ्या फॉर्मची बेरीज एकदम बदललेली दिसली, तिथे त्या तीन दिवसांच्या आत जाऊन भेटून आल्या. सात मुलं निघाली. शिक्षकांना आधी सांगितलं असतं तर त्यांनी तसं पाहून लिहिलं असतं, म्हणून सांगितलं नव्हतं. तुमच्या वर्गात तर एकही निघालं नाही."

"त्या सातांत कोनाचं लगन होतं का?"

"एकीचं ठरलं होतं." त्याला प्रश्नाचं नवल वाटलेलं दिसलं. "थांबवलं ताईंनी. का हो?"

तीन दिवस. सुट्टी लागायला पाच दिवस होते. बाईंनी हा हिशेब बोटांवर केला, मग पुन्हा केला.

"मी फोटो पाहून लिहिलं, सर."

"काय?"

"दुसरा फॉर्म. पहिल्याचा फोटो काढला होता. तो पाहून बत्तीसच्या बत्तीस उतरवले." आणि मग त्यांनी रंजीताचं सगळं सांगितलं, टेबलाशी उभी राहिली तिथपर्यंत, 'बस म्हटलं ना' पर्यंत.

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

"मॅडम, तुमचा पूर्ण वर्ग मला अभ्यासातून काढावा लागेल," तो म्हणाला.

"तिचा बी?"

"चौदा नंबर? हो. सगळेच."

"खुलासा द्या लागन का मले?"

"नाही मॅडम," तो हळू म्हणाला. "आम्ही खुलासा मागत नाही."

त्याने रागावायला हवं होतं. बाई त्यासाठी तयार होत्या, नोटीस आली असती तर त्यांनी दोन्ही हातांनी घेतली असती. पण फोन ठेवला गेला आणि शाळेच्या कार्यालयात त्या एकट्याच उरल्या.

त्यांनी कपाट उघडलं. वसतिगृहाच्या अर्जाखाली दुसऱ्या फॉर्मची एक जास्तीची कोरी प्रत होती. त्यांनी ती टेबलावर घेतली, मोबाईल पिशवीत टाकला आणि वर लिहिलं: चौदा, रंजीता सोमला राठोड. तारीख टाकली ती त्या दिवसाची, सुट्टीआधीच्या पाचव्या दिवसाची.

सतत बोलते? कधीच नाही. जागेवरून उठते? कधीच नाही. हरवल्यासारखी बसते? नेहमी. जेवण टाळते? नेहमी. एकेका वाक्याला त्यांना पोरगी स्वच्छ दिसत होती, खिडकी, ओतलेली खिचडी, सगळं. पाहायला कुठे जावं लागलं नाही. सगळं त्यांनी तेव्हाच पाहून ठेवलं होतं.

चौतिसावं वाक्य होतं, 'अडचण असेल तर स्वतःहून शिक्षकांकडे येते.'

पुढे चार चौकोन होते. 'कधीच नाही' म्हणावं तर ती आली होती. 'कधीकधी' म्हणावं तर तेही खोटं. बाई पेन धरून बसून राहिल्या. बाहेर मुलं 'मॅडम, घंटा देऊ का' म्हणून विचारून गेली, तरी त्यांना ऐकू आलं नाही.

मग चारही चौकोन कोरे सोडून त्यांनी समासात लिहिलं: एकदा आली होती. मी बस म्हटलं.