धाकट्या पातीचा स्वेटर

तारकर्लीत स्वेटर म्हणजे कपाटाला भार. जानेवारीतही इथे पहाटे जरासा गारवा असतो, तोही चहाबरोबर संपतो. तरी सुशांतकडे एक स्वेटर होता, आणि तो साधासुधा नव्हता बरं का. बोटीवर नोकरी करणाऱ्या या गृहस्थाने तो जिनोआ बंदरातल्या जुन्या कपड्यांच्या दुकानातून हुडकून आणला होता. मिलानच्या एका बड्या फॅशनघराण्याचा, चाळीस वर्षांपूर्वीचा, रंगीत लाटांच्या विणीचा. त्यांच्या मुख्य मालातला नव्हे, तर चार लोकांना परवडावा म्हणून काढलेल्या धाकट्या पातीचा. "देव तोच गो, मखर तेवढां साधां," असं तो बायकोला, नम्रताला, समजवायचा. सुट्टीवर आला की पंखा लावून तो घालून बसायचा, घामाघूम व्हायचा, आणि नम्रताची हसता हसता पुरेवाट व्हायची.

चैत्रात बोटीवरच त्याचं हृदय बंद पडलं. शव आलं, अग्नी दिला, मागाहून त्याची बॅग आली. नम्रता रडली नाही. बाई दगड झाली, असं आल्यागेल्या बायका कुजबुजल्या. कुजबुजोत बापड्या. तिला खरोखरच काही होत नव्हतं. पेज पुढ्यात आली की ती जेवायची, कोणी ऊठ म्हटलं की उठायची.

बॅगेत स्वेटर होता. कोपरांशी फुगलेला, मानेपाशी त्याच्या अंगाचा वास धरून राहिलेला. तो छातीशी धरूनही तिला रडू आलं नाही. पण आलं तर इथूनच येईल, एवढं तिला कळलं. घरात माणसांची वर्दळ होती. सुतक फिटलं की एकटीने बसू, म्हणून तिने तो परत बॅगेत ठेवला.

सुतक फिटायच्या सकाळी ती न्हाऊन येईपर्यंत सासूने, शेवंतीने, घरातले सगळे कपडे परसातल्या चुलीवर उकळत घातले. रीतच ती. बॅगेतलेही घातले. लोकर कशी धुवायची हे त्या वाडीत कोणाला ठाऊक असणार? स्वेटर सोड्यात उकळला, दगडावर आपटला, पिळून उन्हात टाकला.

दुपारी नम्रता दोरीपाशी गेली. शर्टांच्या मध्ये हातभर लांबीचं काहीतरी जाड, ताठ लटकत होतं. तिने त्याला नाक लावलं. सोड्याचा वास आला.

"आई, ह्यां काय केल्यात?"

"माका काय म्हायत गो, एवढो आकसतलो म्हणान," सासू ओशाळून म्हणाली. तिने स्वेटर दोरीवरून काढला, ओढून बघितला, मग खांद्यांपाशी धरून समोर उभा केला. हात तसेच राहिले.

"चौथीत होतो तेव्हा एवढोच होतो गो माझो झील."

इतके दिवस पाहुण्यारावळ्यांचं करण्यात गुंतलेली ती म्हातारी तो स्वेटर पोटाशी घेऊन मटकन खाली बसली आणि धाय मोकलून रडायला लागली.

नम्रताने तिच्या पाठीवर हात ठेवला. त्या मापाचा सुशांत तिने कधी पाहिलाच नव्हता. तिचा सुशांत सकाळीच धुऊन गेला होता, आणि अजूनही तिला रडू येत नव्हतं.