उतरंडीतली मुशी

आमच्या कपाटाचा एक नियम आहे. फळी बदलायची नाही आणि का, ते विचारायचं नाही. मी खालून दुसऱ्या फळीवरची मुशी, म्हणजे छोटी शार्क, बोलतेय. ऐकून ऐकून कंटाळले, म्हणून बोलतेय.

मी आईच्या पोटातून दातांसकट जन्मले आणि पहिल्या दिवसापासून माझी शिकार मीच केली. दात पडला की मागच्या रांगेतला पुढे यायचा. माणसांना एकदाच नवे मिळतात, तरी तोरा बघा. वाळूत दडलेल्या माशाच्या अंगातली विजेची थरथर मला नाकाडावरच्या बारीक छिद्रांनी कळायची. मग जाळं आलं, मासळीबाजार आला. शेवटी या कॉलेजच्या प्रयोगशाळेत माझं पोट चिरून मला फॉर्मलिनच्या बरणीत उभं केलं. वर चिठ्ठी डकवली: ‘मुशी. हाड नाही. मागास.’

मला विचारलं कुणी?

कपाट म्हणजे उतरंडच. तळाला बिनजबड्याचा मासा, त्यावर मी, माझ्यावर हाडांचा मासा, मग बेडूक, सरडा, कबूतर, ससा, आणि सगळ्यात वर माणसाची कवटी. जणू आम्ही सगळे तिला उंच बसता यावं म्हणूनच जन्मलो. दरवर्षी तोंडी परीक्षेत बरण्या टेबलावर काढून मुलांकडून हीच उतरंड रचून घेतात. विभागप्रमुखांनीही विद्यार्थी असताना ती अशीच रचली होती. मोठ्यांची चूक जुनी झाली की तिला शिस्त म्हणतात.

यंदा त्यांची सख्खी भाची परीक्षेला बसली. शेवटचं वर्ष. ही परीक्षा गेली की वर्ष गेलं.

तिने मला हाडांच्या माशाच्या शेजारी ठेवलं, एका रांगेत. मग मामांच्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवलेली, कोट्यवधी वर्षांपूर्वी नामशेष झालेल्या चिलखती माशाच्या जबड्याची प्रतिकृती उचलली आणि आम्हा दोघांच्या मागे मांडली.

बाहेरून आलेले परीक्षक हसले. “बाई, हे वर्गीकरण आहे की पंगत?”

ती न हसता समजावू लागली. जबडा या दोघांना मागच्या चिलखती माशांच्या एकाच घराण्याकडून मिळाला, आणि त्या घराण्यात हाड होतं. मुशीच्या पूर्वजांनी ते सोडलं, हलकी कूर्चा ठेवली. आपण माणसं हाडांच्या माशांच्याच एका फांदीवरची. मुशीच्या डोक्यावर नाही, शेजारी.

विभागप्रमुखांनी चष्मा काढला. “पुस्तकात काय लिहिलंय?”

“पुस्तक तुमच्या वेळचं आहे, मामा.”

“इथे मामा नाही. सर.”

“मग सर, तुमच्या वेळचं आहे.”

दोघांनी मिळून तिला समजावलं. मुशी खाली ठेव, गुण घे आणि घरी जा. डोकं काय, नंतरही चालवता येतं. आधी पास तर हो.

तिने माझी बरणी उचलली. आतलं फॉर्मलिन डचमळलं. मला वाटलं, ठेवते आता ही मला खाली. ठेवलं असतं तर मी तिला दोष दिला असता, तिचं वर्ष वाचलं असतं तरीही.

तिने नखाने चिठ्ठीवरचा ‘मागास’ खरवडून काढला आणि मला होते तिथेच परत ठेवलं.

“नापास करा,” ती म्हणाली. “मी हिला खाली ठेवणार नाही. आणि का, ते विचारा मला.”

विभागप्रमुखांनी परीक्षकांकडे पाहिलं, परीक्षकांनी कवटीकडे. इतका जुना, कसलेला जबडा दोघांनाही वारशाने मिळालेला. पण ‘का’ विचारायला एकाचंही तोंड उघडलं नाही.